बांगडीतली पिन

परवा भाचीच्या लग्नात जेवताना एका दूरच्या व्याह्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही वाळूजला कंपनीत होतात म्हणे. नेमकं काय करायचात?"

मी म्हटलं, "बायकांना 'का?' असं विचारायला शिकवायचे."

व्याह्यांनी पलीकडं बसलेल्या आपल्या बायकोकडं एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाले, "ते शिकवावं लागतं होय?"

लागतं हो. घरात नवऱ्याला 'का' विचारणं सोपं असतं, तिथं जन्मजात हुशारी चालते. पण कामावर एखादी गोष्ट बिघडली की पहिला प्रश्न तोंडात येतो तो 'कोण?' कोणी केलं? कोणाच्या पाळीत झालं? 'कोण'चं उत्तर मिळालं की सगळ्यांना गार वाटतं, एकाला ओरडा बसतो आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट तशीच बिघडते. माझ्या सगळ्या नोकरीचं सार एवढंच, की तो 'कोण' जिभेवरून काढून तिथं 'का' ठेवायचा. कंपनीनं या कामाला 'सुधारणा विभाग' असं भारदस्त नाव दिलं होतं. विभाग म्हणजे एक खोली, एक पांढरा फळा आणि मी.

आमच्याकडं दुचाकीच्या वायरी तयार व्हायच्या. हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत गाडीच्या अंगातून वायरींचा एक जुडगा फिरतो, त्याला हार्नेस म्हणतात. लाकडी बोर्डावर वायरी मांडायच्या, टोकं प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये खोचायची, वरून टेप गुंडाळायची. काम बारीक, बोटांचं, त्यामुळं लाईनवर सगळ्या बायकाच. कुणी शेजारच्या रांजणगावात खोली करून राहिलेल्या, कुणी दौलताबादेहून कंपनीच्या बसनं येणाऱ्या. बहुतेक काँट्रॅक्टवर. बोलायला एकेक अशी तिखट, की मी पहिल्या आठवड्यात गारच पडले होते.

नासाडी म्हणजे काय, हे समजावण्यासाठी मी नेहमी टेपची गोष्ट सांगते. पाळी संपली की लाईनवर अर्धेमुर्धे टेपचे रोल पडलेले असायचे आणि पुढच्या पाळीतल्या बायका ते सरळ कचऱ्यात टाकून नवे फोडायच्या. साहेब लोकांचं मत झालं होतं की बायकांना कंपनीच्या मालाची कदर नाही. मी विचारलं, "का गं टाकता?" तर म्हणे, टोक सापडत नाही. का सापडत नाही? काळी टेप, काळ्यावर काळी चिकटून बसते. मग नखानं खरवडून काढा की! "नखं कुठं ठेवू देता मॅडम? कापायला तुम्हीच लावता ना!" झालं. जिनं रोल वापरला तिनं शेवटी टोक जरासं दुमडून ठेवायचं, एवढंच ठरलं. दुसऱ्या दिवसापासून रोल फेकणं बंद. यात माझी हुशारी काहीच नाही, पण मी अजून या गोष्टीवर भाव खाते.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती एवढी सोपी नव्हती.

आमचा माल ज्यांच्याकडं जायचा तिथून तक्रारी यायला लागल्या. गाडी काही दिवस चालली की हेडलाईट एकाएकी बंद. उघडून बघितलं तर वायर कनेक्टरमधून मागं सरकलेली. आमच्याकडं तपासणीत तर सगळं ठणठणीत! प्लँटचे साहेब होते मोरे. माणूस वाईट नव्हता, पण वरून दाब आला की खाली गरम व्हायचा. त्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "मॅडम, हे थांबलं नाही तर ती लाईन दुसऱ्या प्लँटला हलवतील. काँट्रॅक्टच्या बायकांना मग मी ठेवू शकत नाही."

इथं थोडं थांबून कनेक्टरचं सांगायला हवं. वायरीच्या टोकाला एक पितळी टर्मिनल असतं आणि त्याला एक इवलीशी जीभ. टर्मिनल कनेक्टरच्या खणात ढकललं की ती जीभ आत अडकते, 'कट्ट' आवाज येतो आणि मग ते बाहेर येत नाही. येऊच नये, म्हणून तर ती जीभ. त्यामुळं चुकीच्या खणात चुकीची वायर गेली तर ती कापून आपल्या जागेवरच्या लाल पेटीत टाकायची, असा नियम. बसलेलं टर्मिनल ओढून काढायचं नाही. काढलंत तर त्याच दिवशी कामावरून बंद, अशी भिंतीवर मोठ्ठी पाटीच होती.

मी त्या लाईनचा गट बसवला. रोज जेवणानंतर थोडा वेळ फळ्यापुढं. अशा वेळी एक चित्र काढायची पद्धत आहे. माशाच्या सांगाड्यासारखं दिसतं, प्रत्येक काट्यावर एकेक कारण लिहायचं. मी काढायला घेतलं तशा रुक्मिणताई म्हणाल्या, "मॅडम, आज एकादशी हाय. फळ्यावर मासा नका काढू."

रुक्मिणताई लाईनवरच्या सगळ्यांत थोरल्या. दौलताबादच्या. सीताफळांच्या दिवसांत पिशवी भरून आणायच्या आणि ज्याच्यावर रुसल्या असतील त्याला वगळून सगळ्यांना वाटायच्या. त्यांच्यापुढं माझी काय टाप! मी मासा पुसला. "मग काय काढू?" त्यांनीच सांगितलं, "लिंबाची डहाळी काढा. पानं लिहायला जागा बी लई हाय." तेव्हापासून आमच्या प्लँटमध्ये माशाऐवजी कडुलिंबाची डहाळीच काढली जाते. बाहेरून तपासायला आलेले लोक बुचकळ्यात पडतात.

गटाचा नियम मी पहिल्याच दिवशी सांगितला होता. 'कोण' हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारला तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू आणायचे.

पण डहाळी काही भरेना. वायर मागं का सरकते? ठाऊक नाय मॅडम. टर्मिनल खराब येतं का? नाय मॅडम. कनेक्टर ढिले आहेत का? नाय मॅडम. एरवी दोन मिनिटं तोंड बंद न ठेवणाऱ्या बाया माझ्यापुढं अशा बसायच्या, जशा सासरच्या पहिल्या दिवशी.

आणि मग एका दुपारी, फळ्यावर हात उंच करून लिहिताना माझ्या पदराची पिन तुटली. मी मागं न बघताच म्हटलं, "पिन द्या गं कुणीतरी."

आपल्याकडच्या बायकांना हे सांगायला नको, की पिन मागितली आणि मिळाली नाही असं होत नाही. मंगळसूत्राला, बांगडीला एक-दोन पिना अडकवलेल्या असतातच. कंपनीत दागिन्यांना बंदी होती, पण एवढ्याकडं कुणी बघायचं नाही. मागितल्याबरोबर सगळ्यांचे हात बांगड्यांकडं गेले, हे मी वळताना पाहिलं. आणि सगळे हात तिथंच थांबले. खोलीभर बायका, प्रत्येकीच्या हातात पिन, आणि एकही पुढं येईना!

मी वेड्यासारखी पदर धरून उभी. शेवटी रुक्मिणताईंनी आपल्या बांगडीतली पिन काढून दिली. लावायला गेले तर लागेना. बघितलं तर टोक चपटं होऊन आत वळलेलं. रोज कशात तरी खुपसून, दाबून, उचकटून झालेलं.

मला एका क्षणात सगळं कळलं. कळलं आणि मस्तकात तिडीक गेली. मी दार लावून घेतलं. "टर्मिनल पिनेनं काढता? पाटी वाचता येत नाही?"

"रागावू नका मॅडम," रुक्मिणताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. "वायर कापली की लाल पेटीत जाती. जिची पेटी भरली तिचं नाव लागतं. नाव लागलं की पुढचं काँट्रॅक्ट नाय. एखादीची चुकून वायर इकडची तिकडं गेली, ती आपण काढून नीट बसवली, तर कुणाचं काय जातं? आपल्याच पोरी हायेत."

"कोण चुकतंय? कोणासाठी करता हे?"

मागून एकजण अगदी हळू म्हणाली, "लाडू आणावे लागतील मॅडम."

हसू यावं की रडू, मला कळेना. मी स्टुलावर बसले. कनेक्टर हातात घेऊन त्यांना दाखवलं, की पिनेनं ती जीभ दबते. दबलेली जीभ पुन्हा बसवल्यावर 'कट्ट' म्हणते, तपासणीत पास होते, पण तिची पकड गेलेली असते. मग गाडी खड्ड्यांतून चार दिवस चालली की टर्मिनल सरकतं आणि अंधारात हेडलाईट जातो.

रुक्मिणताईंनी तो कनेक्टर माझ्या हातातून घेतला. "माझा गणेश याच गाडीवर कामावरून येतो," त्या म्हणाल्या. "घाट उतरून. अंधारातच येतो." आणि त्यांनी बांगडीतली दुसरी पिन काढून माझ्या टेबलावर ठेवली. मग एकेक जण उठली. टेबलावर पिनांचा छोटासा ढीग झाला. मला त्या क्षणी त्या सगळ्यांची इतकी माया आली, की राग कुठं गेला ते समजलंच नाही. चोरी नव्हती ती. एकमेकींना सांभाळून घेणं होतं, फक्त त्यात भलत्याच कुणाचा तरी दिवा विझत होता.

मी तशीच मोरे साहेबांकडं गेले. सांगितलं, "कारण सापडलंय, बसलेलं टर्मिनल पिनेनं काढलं जातं. नावं विचारू नका, मी सांगणार नाही. मला दिवाळीपर्यंत काम करू द्या."

"रिजेक्शन कमी होईल?"

"आधी वाढेल."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की बाईंची तब्येत बरी आहे ना! पण हो म्हणाले. एवढं मात्र बजावलं, की पिन वापरताना कोणी सापडलं तर त्यांच्याही हातात काही राहणार नाही.

आणि वाढलंच. पिना गेल्या तशा चुकलेल्या वायरी लाल पेटीत दिसायला लागल्या. पेट्यांवर नाव लिहिणं मी बंद केलं. पेटी भरलेली दिसली की मी म्हणायचे, "वा! आज पुष्कळ शिकायला मिळणार." सुरुवातीला बायांना ते टोमणे वाटायचे. हळूहळू डहाळीला पानं फुटायला लागली. लाल पट्टीची काळी वायर आणि तपकिरी पट्टीची काळी वायर, या दोघींची अदलाबदल होते. का? शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. मग एक या टोकाला, एक त्या टोकाला टांगली. पट्टी दिसत का नाही? गठ्ठा येतो तेव्हा पट्टी खाली वळलेली असते. मग गठ्ठा बांधणाऱ्यांना सांगून पट्टी वर ठेवायला लावली. हे सगळं त्यांनीच शोधलं, भांडत, एकमेकींची टिंगल करत. मी फक्त 'का' म्हणत होते आणि पानं लिहीत होते.

सगळ्यांच्या पेट्या रिकाम्या व्हायला लागल्या. कविताची सोडून.

कविता देवगाव रंगारीची लेक, नवऱ्याबरोबर रांजणगावात राहायची. वय चाळिशीच्या आसपास. मुलगी नर्सिंगला होती आणि कविताच्या पगारावरच तिचं शिक्षण चाललं होतं, हे लाईनवर सगळ्यांना ठाऊक. कामाला चपळ, स्वभावानं लाजरी. तिची पेटी रोज भरायची आणि रोज तिचं तोंड आणखी उतरायचं. पिना कुणासाठी झिजल्या होत्या, हे आता न विचारताच दिसत होतं. मला मात्र रात्रंदिवस एकच धास्ती. मी हिचं पांघरूण काढलं. आता हिला घालवली तर?

साहेबांचा निरोप आला, की दुपारी मी गटात येतो. मी गट थोडा आधीच बसवला. फळ्यापुढं उभी राहून शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, "कविता, वायर इकडची तिकडं का जाते?"

ती म्हणाली, "पट्टी दिसत नाय मॅडम."

"का?"

"जवळचं धुरकट दिसतं."

"मग चष्मा का नाही लावलास?"

"चष्मा लागला की लाईनवरून काढतात."

"असं कोण म्हणालं?" लाडू गेले खड्ड्यात, मी विचारलंच.

"समदेच म्हणतात."

मी सगळ्यांकडं बघितलं. सगळ्या माना हलल्या. व्हय, काढतात. कुणाला काढलं? ते काही कुणाला सांगता येईना. कधी काळी कुणीतरी चष्मा लागल्यावर काम सोडून गेली होती. काढली की आपणच गेली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. असा नियम कंपनीत कधीच नव्हता. मी इतकी वर्षं तिथं होते, मला ही समजूत माहीत नव्हती आणि त्या सगळ्या ती पोटात घेऊन रोज वायरी खोचत होत्या.

"अगं, पण दरवर्षी डोळे तपासतात. तिथं कशी पास झालीस?"

कविता आणखी खाली बघत म्हणाली, "पुढच्या बाया तक्ता वाचताना ऐकून पाठ केला."

"तक्ता तर लांब भिंतीवर असतो. लांबचं दिसतं का तुला?"

"लांबचं लई चांगलं दिसतं. बस वळणावर असतानाच मी नंबर सांगते."

"मग पाठ कशाला केलास, बाई माझे?"

ती गोंधळली. "भ्या वाटलं," ती म्हणाली. आणि तिलाच हसू फुटलं. मग सगळी खोली हसायला लागली, रुक्मिणताई तर डोळ्याला पदर लावून, आणि हसता हसता कविता रडायला लागली. मी नाकावरची माझी चाळिशी काढली आणि तिच्या नाकावर ठेवली. हातात ती काळी वायर दिली.

तिनं वायर डोळ्यांजवळ आणली. फिरवून बघितली.

"अगं बया," ती म्हणाली. "ही लाल हाय व्हय!"

तेवढ्यात दार उघडून मोरे साहेब आत आले. हातात कविताची लाल पेटी. सगळं हसणं जागच्या जागी थांबलं. साहेबांनी पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, बाकीच्यांचं ठीक आहे. पण हे एवढं एकाच जागेवरचं? मी वरती काय सांगायचं? आता नाव लागेल."

मी बोलायच्या आधीच कविता उभी राहिली. माझा चष्मा तिच्या नाकावर तसाच. "ते माझं हाय साहेब," ती म्हणाली. "मला पट्टी दिसत नव्हती."

साहेब वैतागले होते. त्यांनी पेटीतली एक वायर उचलली. "अहो, एवढी सरळ पट्टी आहे. लाल कुठली, तपकिरी कुठली, हे काय दिसत नाही? ही बघा, ही..."

आणि त्यांनी वायर डोळ्यांपुढं धरली. मग थोडी लांब नेली. मग आणखी लांब. मान मागं घेतली. शेवटी हात पूर्ण ताणून, डोळे बारीक करून बघत राहिले.

एकही बाई हसली नाही. सगळ्यांना ते हात लांब करणं पाठ होतं, दोन दिवाळ्या त्या रोज कविताच्या जागेवर तेच बघत आल्या होत्या.

कवितानं नाकावरचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरला.

साहेबांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग चष्मा लावला. वायर जवळ आणली. "तपकिरी आहे," ते पुटपुटले आणि जवळच्या स्टुलावर बसले. मग त्यांनी कविताला विचारलं, "कधीपासून होतंय तुम्हाला असं?"

"लई दिवस झाले साहेब."

"मलाही," साहेब म्हणाले.

तेव्हा रुक्मिणताई पुढं झाल्या, पाण्याचा ग्लास त्यांच्या हाती दिला आणि अगदी धीर देण्याच्या आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका साहेब. आम्ही कुणाला सांगत नाय."

साहेब इतके मोठ्यानं हसले, की बाहेरचा वॉचमन डोकावून गेला. पेटीवर नाव लागलं नाही. पिनांची चौकशीही झाली नाही. लाईनच्या टोकाला चष्म्यांचा एक स्टँड आला, ज्या नंबरचा हवा तो उचलायचा, कामानंतर ठेवून जायचं. डोळे तपासणाऱ्यांना जवळचं वाचायचा तक्ताही आणायला सांगितलं. माल परत येणं थांबलं आणि लाईन वाळूजलाच राहिली.

एक सल मात्र आहे. माझ्या काळात कितीतरी जणी 'घरी अडचण आहे' म्हणून काम सोडून गेल्या. मी त्यांना हार घातले, पेढे खाल्ले, फोटोत हसले. त्यांतल्या किती जणींना फक्त एक साधी चाळिशी हवी होती, ते आता कळायला मार्ग नाही. संध्याकाळी दिवा लावताना कधी कधी त्यांची तोंडं आठवतात.

निवृत्त झाल्यावर मध्यंतरी एकदा प्लँटमध्ये गेले होते, शेंगदाण्याचे लाडू घेऊन. माझ्यावर थकबाकी होतीच. रुक्मिणताई आता येत नाहीत, गणेशची मुलं सांभाळतात. कविता लाईन लीडर झाली आहे. चष्मा केसांवर सरकवलेला, आवाज चांगला खणखणीत. नव्या भरतीतल्या बाया तिच्यापुढं उभ्या होत्या. मला वाटलं, ही आता त्यांना टर्मिनल दाखवेल, कनेक्टर दाखवेल.

तिनं आधी स्टँडवरचा एक चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बायांनो, जवळचं कुणाला धुरकट दिसत असंल तर आत्ताच सांगा. इथं कुणी काढत नाय."